पत्र्याआडची नमाज

यंदा रमजान पुन्हा परीक्षांच्या दिवसांत आला आहे. मुसलमानांचं वर्ष कोणी आपल्यासारखा अधिक महिना घालून ऋतूंना बांधून ठेवत नाही, त्यामुळे रमजान दर वर्षी थोडा थोडा मागे सरकतो. थंडीत शिरतो, दिवाळीला गाठतो, पावसात भिजतो, मे महिन्यात लोकांचे घसे सुकवतो, आणि माणूस पुरेसा जगला तर एके वर्षी तो जुन्या जागी परत आलेला दिसतो. मी पुरेशी जगले आहे, एवढंच यातून सिद्ध होतं.

आमच्या काचीगुड्याच्या गल्लीत दुपार कलली की गहू-मटणाचं हलीम घोटण्याचा धप्प धप्प आवाज सुरू होतो, आणि त्याच वेळी समोरच्या गच्चीवर दहावीतली एक मुलगी फेऱ्या मारत पाठांतर करत असते. कडुनिंबाची पानं गळताहेत. दुपारचं ऊन अंगावर यायला लागलंय आणि पहाटे अजून चादर लागते. हे सगळं असंच पूर्वी एकदा घडून गेलंय. तेव्हा मी इतकी दमलेली नव्हते असं म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही. तेव्हाही दमलेलीच होते, फक्त तेव्हा कोणी विचारलं तर नाही म्हणायचे.

तेव्हा म्हणजे देशाची दारं उघडली असं सगळे म्हणत होते ती वर्षं. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ निघाले होते, गच्च्यांवर डिशच्या थाळ्या आल्या होत्या. मी ज्या खाजगी शाळेत हिंदी शिकवायचे तिला तिसरा मजला चढला आणि नावात ‘मॉडेल’ आलं. निकाल पेपरात मुलांच्या फोटोंसकट छापून यायला हवा म्हणून दहावीचे जादा तास सुरू झाले, ते थेट पाच वाजेपर्यंत. सरकारी उर्दू शाळा रमजानमध्ये सकाळच्या भरायच्या. आमच्याकडे रमजान असो की नवरात्र, घंटा एकच.

गणित शिकवायची झकियाआपा. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी आपा म्हणायचे. मला मात्र ती सगळ्या शाळेसारखं बाईच म्हणे. राहायची मुसी नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. काचीगुड्याहून अफझलगंजपर्यंत एक बस, तिथे धक्के खात दुसरी. रोजा धरून दिवसभर फळ्यावर भूमितीची प्रमेयं लिहायची, आणि तास संपला की खडूने पांढरी झालेली बोटं ओठांपासून लांब धरून बसायची. दुपारनंतर तिचा आवाज खाली जायचा. मुलं त्या दिवसांत आपोआप शांत बसत, हे मी पाहिलेलं आहे.

तिची अडचण साधी होती. पाचला शाळा सुटायची आणि सूर्य बुडायच्या आत असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज व्हायला हवी. तो सगळा वेळ तर बसमध्ये जायचा. आमचे पी.टी.चे सर शाळा सुटली की मागच्या गल्लीतल्या मशिदीत शिरायचे आणि तोंड धुतलेले, हलके होऊन बाहेर यायचे. आपा त्यांच्याकडे बघत राहायची. प्रिन्सिपॉलना विचारून झालं होतं. शाळा सुटल्यावर खोल्यांना कुलपं लागतात, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं होतं.

“इत्ते बड़े शहर में मेरे कू खड़े रहने की जगा नै,” ती एकदा म्हणाली. रागाने नाही. एखाद्या गणितात काय दिलेलं नाही ते सांगावं तसं.

मी म्हटलं, माझं घर दोन गल्ल्यांवर आहे, माझ्याकडे चला. आली. सासूबाईंनी आतली खोली झाडून दिली, धुतलेली चादर अंथरली आणि देवघराचा पडदा ओढून घेतला. तिच्यासाठी ओढला की देवांसाठी, हे मी कधी विचारलं नाही. संसारात काही प्रश्न न विचारताच पचवावे लागतात. दुसऱ्या दिवशी आपा माझ्या घराकडे वळेना.

“तुम्हारी सास का दिल बड़ा है बाई. मगर मेरे वास्ते भगवान कू परदे में बिठाते, अच्छा नै दिखता.” मग थोडं चालल्यावर म्हणाली, “और घर नक्को मेरे कू. घर तो मेरा भी है. मेरे कू मस्जिद होना.”

आणि तिने सांगितलं. लहानपणी तिचे अब्बा तिला बोट धरून मशिदीत न्यायचे. ती रांगेच्या टोकाला, त्यांच्या शेजारी उभी राहायची. सजद्यात कपाळाला लागणारी गार फरशी तिला आठवत होती, आणि शेजारच्या माणसाच्या कोपराला येणारा साबणाचा वासही. मग एके शुक्रवारी अब्बा धाकट्या भावाला घेऊन निघून गेले. “कोई कुछ बोले भी नै. मैं चप्पल पहन के दरवाजे में खड़ी थी.” त्यानंतर ती त्या किंवा कुठल्याच मशिदीत गेली नव्हती. तिच्या घरच्या, ओळखीच्या कुठल्याच बाईने मशीद आतून पाहिलेली नव्हती, आणि त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या गावच्या मारुतीला मी आजवर उंबऱ्यातूनच पाहिलं आहे. तेल माझं, वाहणारा हात पुजाऱ्याचा. फक्त आपा मागत होती आणि मी मागत नव्हते, एवढाच फरक होता.

मशिदीच्या कमिटीचे प्रमुख पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना सदरसाब म्हणत. आपा मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेली. दाराबाहेरच बोलणं झालं.

“घर में पढ़े तो ज्यादा अच्छा बीबी, मालूम है ना आप कू?”

“मालूम है सदरसाब. घर दूर है. मना तो नै है ना?”

सदरसाबनी दाढीवरून हात फिरवला. माणूस खोटं बोलणारा नव्हता. “मना नै है,” ते म्हणाले. “जगा नै है.”

पण जागा निघाली. बाजूच्या बोळात, वुजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, हौदाला लागून एक खोली होती. वस्तीत कोणी गेलं की त्याला उचलून नेण्याचा लाकडी जनाजा तिथे ठेवलेला असायचा. शिवाय गुंडाळलेल्या सतरंज्या, गेलेल्या ट्यूबलाइटी आणि इफ्तारची मोठी पातेली. सामानापुढे एक पत्रा आडवा उभा केला, बोळातून वेगळं, पत्र्याचंच दार दिलं, आणि इमामांचा आवाज यावा म्हणून भिंतीवर एक स्पीकर टांगला. पहिल्या दिवशी आपाने जनाजावरची धूळ हाताने पुसली. “चलो,” म्हणाली, “पहले से जान-पहचान हो गई.”

हळूहळू तिथे आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. बूथवर बसणारी नसीम, प्रसूतिगृहातली एक नर्स. सगळ्या कामावरच्या, घर लांब असलेल्या. घरात राहणाऱ्या बायकांना या खोलीची गरज नव्हती; ही गरज नोकरीबरोबर आली होती, जशी बसच्या पासाची आली. खांद्याला खांदा लावून त्यांची एक रांग व्हायची. तिला सफ म्हणतात हे मला आपाने शिकवलं. सफ हा शब्द उच्चारताना ती जरा ताठ व्हायची.

मी बोळातल्या पायरीवर बसायचे. आपाची पर्स, चपला आणि सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सांभाळायला. तशी काही गरज नव्हती, पण घरी गेल्यावर पोळ्या, मुलाचा अभ्यास आणि नवऱ्याचा चहा माझी वाट बघत असायचे, तेव्हा ती पंधरा मिनिटं मला फार प्रिय झाली होती. हौदात पाणी पडत असायचं. चिमण्या कमानीवर भांडायच्या. कमानीतून मला आतल्या मोठ्या दालनातल्या पुरुषांची शेवटची रांग दिसायची, पाठमोरी. भेगाळलेल्या टाचा, मोज्यांची भोकं, पँटच्या मागच्या खिशातला कंगवा. देवापुढे माणसं सारखी असतात म्हणतात. मागून तर फारच सारखी असतात.

महिन्यातले काही दिवस आपा नमाज पढत नसे, रोजाही नसे. त्या दिवसांत आम्ही नकाशांच्या कपाटामागे उभ्या राहून एक केळं अर्धं अर्धं खायचो. माझे तसे दिवस असले की घरी मी लोणच्याच्या बरणीपासून लांब. दोन्ही धर्मांना आम्ही नेमक्या त्याच वेळी नको असायचो, यावर आम्ही एकदा खूप हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही, पण केळ्याची चव येते.

मग मार्च तापला आणि दुपार कलली की करंट जायला लागला. मशिदीत बॅटरी होती, पण ती अजानच्या भोंग्याला. बायकांच्या स्पीकरला ती जोडावी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. पहिल्यांदा करंट गेला तेव्हा आतल्या सगळ्या सजद्यात होत्या, कपाळ जमिनीला टेकलेलं. असरची नमाज इमाम मनातल्या मनात पढतात. फक्त वाकायचं, उठायचं तेव्हा ‘अल्लाहु अकबर’ ऐकू येतं. स्पीकर मुका झाल्यावर तेही नाही. पुरुष केव्हाच उठून उभे राहिले आणि या पत्र्याआड तशाच वाकलेल्या. कोणी आधी उठावं, कळेना. मी दाराच्या फटीतून ते पाहिलं. चार बायका जमिनीवर डोकं टेकून, कोणीतरी उठ म्हणेल याची वाट बघत होत्या. मला फार राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बोळात शिरताना आपाने विचारलं, “बाई, तुम्हारे कू वहाँ से मरदां दिखते ना?”

“पाठी दिसतात.”

“बस है. करंट गया तो पतरे पे चाबी से ठोको. वो लोगां हिले तो एक बार. खतम हुआ तो दो बार.”

असं ते सुरू झालं. करंट गेला की मी घराची किल्ली हातात घ्यायचे. शेवटची रांग वाकली, टक्. सरळ झाली, टक्. जमिनीला टेकली, टक्. माझ्या मांडीवर कोणाचा तरी हिंदीचा निबंध उघडा असायचा, आणि मी पत्र्यावर किल्ली ठोकून मुसलमान बायकांना त्यांच्या अल्लापुढे वाकवत आणि उठवत असायचे. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो महिनाभर चिडवत बसला असता, म्हणून सांगितलं नाही. मला ते काम आवडायचं. दिवसभरातल्या माझ्या सगळ्या कामांत तेवढंच एक असं होतं, ज्यात माझं कोणी काही तपासत नव्हतं.

रमजान संपत आलेला. करंट गेलेला. मी ठोकत होते. शेवटी सगळे बसले, आणि रांगेतल्या माना उजवीकडे वळल्या. नमाज संपताना माना आधी उजवीकडे, मग डावीकडे वळतात हे एव्हाना मला पाठ झालं होतं. माना वळलेल्या दिसल्या, मी दोनदा ठोकलं आणि गठ्ठा बांधायला घेतला. आतल्यांनी दोन्हीकडे मान वळवून नमाज संपवली, उठल्या, बुरखे सारखे केले आणि दारात आल्या. आणि मी पाहते तर पुरुषांची अख्खी रांग पुन्हा जमिनीला टेकलेली.

इमामांकडून काहीतरी विसरलं होतं. तसं झालं की मान फक्त उजवीकडे वळवून, मग भुलीचे म्हणून दोन सजदे जास्तीचे करतात. हे मला कुठून माहीत असणार? उशिरा आलेले एक गृहस्थ हौदावर हात धूत होते. दारात उभ्या बायका पाहून ते थबकले.

“नमाज तो हुई नै. तुम लोगां कैसे निकल गए?”

नसीम पोर होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिथेच सगळं संपलं.

सदरसाब आले तेव्हा माझ्या हातात अजून किल्ली होती. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मग आपाही ओरडली असती.

“ठोकते आप थे?”

“हो.”

“कब से?”

“करंट जायला लागला तेव्हापासून.”

ते हौदाच्या काठावर बसले. “बाई, आप बुरा मत मानो. आप अच्छे दिल से किए. मगर जो खुद नमाज में नै, उसके इशारे पे नमाजी हिले तो नमाज टूट जाती. मुसलमान हो, हिंदू हो, कोई भी हो. बाहर वाले का इशारा नै चलता.” मग आपाकडे न बघता म्हणाले, “इत्ते दिन की जित्ती ऐसी हुई, सब दोहराना पड़ता बीबी.”

“दोहरा लूंगी,” आपा म्हणाली. “स्पीकर कू बैटरी लगा देव, फिर बाई कू ठोकना नै पड़ता.”

सगळं प्रकरण एका वायरचं होतं. सदरसाबना ते कळलं, त्यांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं. पण तोवर आतले पुरुष बाहेर येऊन कमानीत उभे राहिले होते, आणि त्यांच्यात बोलणं सुरू झालं होतं. बायका आल्या की असंच होतं, आधीच सांगितलं होतं, वगैरे. सदरसाबनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे.

“रमजान के बाद देखेंगे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं. ईदनंतर मोठ्या दालनात दुबईहून आलेल्या कोणाच्या देणगीतून संगमरवर बसायला लागला, आणि सिमेंटच्या गोण्या त्या खोलीत रचल्या. आपा रोज बोळातून जाताना दाराकडे बघायची. मग बघणं थांबलं. मला वाटतं आशा सुटते ती अशीच सुटते, कुठल्या एका ठरावीक दिवशी नाही.

त्या रमजानच्या उरलेल्या रोज्यांत तिने काचीगुडा स्टेशन गाठलं. प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, बायकांच्या वेटिंग रूममध्ये जायचं, कोपऱ्यातल्या बाकामागे रुमाल अंथरायचा. तेलंगी बायका पोरांना भात भरवत असायच्या, कोणी साडी बदलत असायचं, बाहेर गाड्यांची घोषणा. कोणी तिच्याकडे वळूनही पाहत नसे. मी बाकावर बसून पेपर तपासायचे. इथे ठोकायला काही नव्हतं. एकटीने पढायचं असलं की कोणाच्या मागे राहायचं नसतं. एकदा तिचं आटोपल्यावर मी म्हटलं, आपा, हे बरं आहे, नाही का? तिने रुमालाची घडी घातली. “बरा है,” ती म्हणाली. “सफ नै है.”

आणि तिने सगळ्या दोहरावल्या. माझ्या किल्लीवर पढलेल्या सगळ्या. घरी, स्वयंपाक आवरून, एकेक करत. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ज्याच्यासाठी पढल्या त्याने त्या तेव्हाच ऐकून घेतल्या असणार, असं माझं आपलं अडाणी मत. पण मी तिला तसं म्हटलं तेव्हा ती जरा कडक होऊन म्हणाली, “हिसाब में गलती हुई तो पूरा सवाल फिर से करना पड़ता बाई. मेरे बच्चों कू भी मैं यही सिखाती.”

मग वर्षं गेली. किती ते रमजानलाच विचारा, त्याने मोजली आहेत. शाळेचा चौथा मजला झाला. माझा मुलगा परदेशी गेला, माझी नात फोनवर मराठी समजते पण वाचत नाही. सासूबाई गेल्या, देवघराचा पडदा मीच काढून टाकला. सदरसाब गेले, ज्या जनाजावरची धूळ आपाने पुसली होती त्याच्यावरून गेले असतील. मी निवृत्त झाले, आपाही झाली. आम्ही फोनवर बोलतो, मुख्यतः गुडघ्यांविषयी.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज वेगळाच होता. “बाई, अपनी मस्जिद में औरतों का पूरा मंजिला खुला. गेट अलग, ए.सी., बड़ा टीवी, उसमें इमाम साब दिखते. मेरी सना जा के आई. तुम आते क्या?”

सना तिची मुलगी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या ऑफिसात नोकरी करते. या मंजिल्यासाठी तिने आणि तिच्या मैत्रिणींनी म्हणे पाच-सहा वर्षं कमिटीचा पिच्छा पुरवला. परवा ती आईला गाडीतून घेऊन आली. मी चालत गेले. बोळ तोच, पण खोली नाही, हौद नाही, नळांची रांग आहे. हिरव्या काचेवर सुंदर अक्षरात लिहिलंय, ‘ख्वातीन’, म्हणजे महिला. त्याखाली दार, आणि दारातून वर जाणारा जिना. दालनाचं छत उंच ठेवल्यामुळे जिना दोन वळणं घेऊन तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर जातो.

आपा जिन्याखाली उभी राहून वर बघत होती. स्टीलचा कठडा चकचकत होता.

“लिफ्ट पुढल्या वर्षी आहे,” सना मला माझ्याकडूनच शिकलेल्या मराठीत म्हणाली, जणू मी कमिटीकडे तक्रार नेणार होते. “अम्मी, हल्लू हल्लू चढो, मैं पकड़ती.”

आपा चार पायऱ्या चढली. थांबली. मग तशीच, कठडा धरून, एकेक पाऊल मागे टेकत खाली उतरली. तिच्या चेहऱ्यावर काही दुःखबिःख नव्हतं. संध्याकाळच्या बसमध्ये जागा नाही हे दिसल्यावर माणूस जसा खाली थांबतो, तशी ती थांबली.

“तू जा,” ती सनाला म्हणाली. “नमाज खड़ी हो रही. तू सफ में जा के खड़ी हो.”

सना घुटमळली आणि गेली. वरचं दार ए.सी.साठी आपोआप मिटलं. चपलांच्या कपाटाशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची होती, आपा त्यावर बसली. तिच्यासमोर नुसती भिंत. स्पीकर वर, टीव्ही वर. पण जिन्याच्या बाजूला एक उभी जाळी आहे, वारा यावा म्हणून ठेवलेली. मी तिथे उभी होते. जाळीतून मोठं दालन दिसत होतं, पुरुषांची शेवटची रांग, पाठमोरी.

आपाने दुपट्टा सारखा केला. माझ्याकडे पाहिलं.

“बाई, चाबी है?”

“आपा, ते चालत नाही ना? तुम्हीच तर सगळ्या परत...”

“घर जा के दोहरा लूंगी,” ती म्हणाली. “तुम ठोको.”

मी पर्समधून किल्ली काढली. रांग वाकली. मी कठड्यावर ठोकलं, आणि खुर्चीतली आपा गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकली. रांग सरळ झाली, ठोकलं. टेकली, ठोकलं. शेवटी सगळे बसले. माना उजवीकडे वळल्या. मी किल्ली उचलली, आणि थांबले. त्या डावीकडे वळेपर्यंत थांबले. मग दोनदा ठोकलं.